तुम्ही विचारलंत म्हणून : पैसा कुठून आला?

बचत गटांच्या प्रशिक्षणात मी माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची गोष्ट सांगते. अमेरिकेतलं अलाबामा राज्य, डिसेंबर 1955. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला रोझा पार्क्स यांनी नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि गावातल्या कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसमध्ये पाऊल टाकलं नाही. गोष्ट संपली की गटाच्या कोषाध्यक्ष हमखास विचारतात, "ताई, एवढे दिवस चालवायला पैसा कुठून आणला हो?"

या बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. पेट्रोलचं कोण विचारतं?

आणि पेट्रोल तर रोजच लागत होतं. कामावर जाणाऱ्यांची ने-आण करायला गाड्या लावल्या होत्या. वर्गणी चर्चमधून यायची, बाहेरगावाहूनही यायची. पण मी सांगते ते जॉर्जिया गिल्मोरबद्दल. ही एका खानावळीत स्वयंपाकाला होती. तिनं स्वयंपाकपाणी, घरकाम करणाऱ्या बायका जमवल्या. घरी चिकन तळायचं, सँडविच आणि केक करायचे, आणि पार्लरमध्ये, लाँड्रीत, दारोदार जाऊन विकायचे. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठूनच न आलेला गट. मालकिणीला सुगावा लागला तर काम जाणार, म्हणून बहिष्काराच्या सभेत पैसे भरायला जॉर्जिया उभी राहायची. कुठून आले म्हणून विचारलं, तर कुठूनच नाही! (पावती नाही, नावं नाहीत, हे ऐकून आमच्या कोषाध्यक्षांचा जीव खालीवर होतो. पण तिथं यादी सापडली असती तर कितीजणींच्या चुली बंद पडल्या असत्या.) बहिष्कार चालवला म्हणून किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर जॉर्जियाची नोकरी गेलीच. मग तिनं घरातच खानावळ घातली.

बहिष्काराची हाक देणाऱ्या पत्रकांमागेही बायकाच. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर ती हजारोंनी निघाली, कारण तिथं शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांची विमेन्स पोलिटिकल कौन्सिल आधीच तयारीत होती. कृष्णवर्णीय बायकांची ही संघटना 1946 पासूनची. मे 1954 मध्येच रॉबिन्सनबाईंनी महापौरांना लेखी कळवलं होतं : वागणूक सुधारा, नाहीतर बहिष्काराची बोलणी चालू आहेत. मागण्याही साध्या. पुढच्या दारानं पैसे देऊन मागच्या दारानं चढायला लावू नका, आमच्या वस्तीतही प्रत्येक कोपऱ्यावर बस थांबवा.

तरी बसमध्ये गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणारा कायदा बहिष्कारानं नाही, कोर्टानं बदलला. निकाल लागला त्या दाव्यातल्या चारही वादी बायका. त्यातली क्लॉडेट कॉल्व्हिन तर अटकेच्या वेळी पंधरा वर्षांची होती, आणि ती अटक पार्क्स यांच्या नऊ महिने आधीची.

"मग पुढे सगळं सुरळीत झालं का?" हाही प्रश्न येतोच. बसचं झालं. पण 1957 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव बागेतून गेला म्हणून जॉर्जियाच्या मुलाला पोलिसांनी मारलं. तिनं नगरपालिकेला कोर्टात खेचलं आणि ती जिंकली. नगरपालिकेनं काय करावं? बागा सगळ्यांनाच बंद करून टाकल्या. त्या उघडल्या 1965 मध्ये, आणि गिल्मोर हे नाव असलेला तोच खटला 1974 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे होता.