तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हरक्लॉकिंग शिकण्यासाठी महागडा अनलॉक्ड प्रोसेसर घ्यावा का?

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, शिकायचे आहे, तर इंटेलचा नावात ‘के’ असलेला, म्हणजे वेग बदलू देणारा (अनलॉक्ड), वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घ्यावा का, असे मला अनेकजण विचारतात. केवळ ओव्हरक्लॉकिंगसाठी घ्यायचा असेल, तर घेऊ नये, असे माझे मत आहे.

या प्रोसेसरांची कीर्ती जुन्या काळातली आहे. 2011 साली आलेल्या कोअर आय5-2500के या प्रोसेसरचा मूळ वेग 3.3 गिगाहर्ट्झ होता आणि बरा एअर कूलर लावला की तो अनेकांकडे 4.5 पर्यंत सहज जाई. तेव्हा कंपनी बरीच क्षमता शिल्लक ठेवत असे आणि ती आपल्या पदरात पाडून घेणे हाच या छंदाचा लाभ होता. आज ती शिल्लक कारखान्यातच वापरली जाते. कोअर आय9-14900के कोणीही हात न लावता निवडक कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनकेंद्रांवर) 6 गिगाहर्ट्झ गाठतो आणि त्यासाठी 253 वॉटपर्यंत वीज घेतो. त्यावर नवशिक्याने आणखी काय मिळवायचे?

जे मिळते, त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग 5 टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.35 वर न्यावे लागले, तर वीज सुमारे 33 टक्के जास्त लागते. मग मोठा कूलर आला, दमदार पॉवर सप्लाय आला, आणि इंटेलच्या बाबतीत गुणक (मूळ घड्याळाच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो आकडा) बदलू देणारा झेड मालिकेचा मदरबोर्ड तर आलाच. एवढ्या पैशांत चांगले ग्राफिक्स कार्ड घेतले, तर गेममधला फरक डोळ्यांना दिसेल.

आजच्या ‘के’ प्रोसेसरचा मूळ वेगच सहसा त्याच्या साध्या भावंडापेक्षा जास्त असतो, म्हणून तो घेणे समजण्यासारखे आहे. पण ते ओव्हरक्लॉकिंगचे कारण नव्हे.

शिकण्याचीच हौस असेल, तर एएमडीचा मधल्या श्रेणीचा रायझन घ्यावा, कारण बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक खुलाच असतो. फक्त ए मालिकेचा मदरबोर्ड टाळून बी मालिकेचा (बी840 सोडून) निवडावा. माझ्या मते सुरुवात वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज कमी करण्यापासून करावी: कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचे व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या एएमडीच्या सोयीत) प्रत्येक कोअरला थोडे उणे मूल्य दिले की प्रोसेसर थंड राहतो आणि वीज आणि उष्णतेच्या वाचलेल्या मर्यादेत स्वतःहून अधिक वेग घेतो. येथे नवशिके हमखास फसतात, कारण सर्व कोअरवर भार टाकणारी चाचणी तासभर सुरळीत चालते आणि संगणक रात्री काहीच काम नसताना बंद पडतो. एकट्या कोअरचा वेग हलक्या भारातच सर्वाधिक असतो. म्हणून चाचणी एकेका कोअरवर स्वतंत्रपणे घ्यावी आणि जो कोअर चुकेल, तेवढ्याचेच उणे मूल्य थोडे शून्याकडे आणावे.