आमरसाची कोय

मे महिन्यात आमच्या धंद्यात दम खायला वेळ नसतो. लग्नं आणि पोटफुगी एकदमच येतात. मागच्या मे महिन्यात रात्री साडेदहाला संगमनेर भागातल्या एका वस्तीवरून फोन आला, "डॉक्टर, गाय ढोलावानी फुगलीय, तोंडातनं लाळेची धार लागलीय."

तिसऱ्या वेताची संकरित होल्स्टिन. मान ताणलेली, जीभ बाहेर, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खळगी, कण्याच्या वर आलेली. टिचकी मारली की डफ वाजावा तसा आवाज. मानेच्या डाव्या बाजूने हात फिरवला तर मधोमध टणक गाठ. "काय खाल्लं हिनं?" कोणी बोलेना. शेवटी पोरगा म्हणाला, शेजारच्या लग्नातलं उरलेलं आचाऱ्यांनी बांधाला ओतलं होतं. भात, पोळ्या, आमरसाच्या कोयी. गाईने दावं तोडलं होतं.

लोकांना वाटतं, घशात अडकलं म्हणजे श्वास कोंडला. गाईचा आधी कोंडतो तो ढेकर. कोठीपोटात चारा आंबतो, गॅस सतत तयार होतो. मोठी गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन बाहेर टाकते, त्यातला बहुतेक ढेकरांतून. आपल्याला पत्ताही लागत नाही. ती वाट बंद झाली की फुगलेलं पोट फुफ्फुसं दाबायला लागतं.

ट्रोकार काढला, म्हणजे पोटाला भोक पाडून गॅस सोडायची नळी आणि तिच्यातली टोकदार सुई. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधली जागा, केस भादरून आयोडीन लावलं, ब्लेडने कातडीला छोटा छेद दिला आणि टोक उजव्या पुढच्या कोपराच्या रोखाने आत घातलं. सुई ओढून घेतल्यावर नळीतून फुस्स करून वास आला, आंबोणाचा. इथे नवखा माणूस चुकतो. गॅस भसकन सोडला तर जनावर धक्क्याने कोसळतं. मी नळीवर अंगठा ठेवून दाब-सोड करत वीस मिनिटं उभा होतो. पाठ धरली, पण ही वीस मिनिटं मला आवडतात. गाय डोळ्यांदेखत परत येते.

तेवढ्यात म्हातारबाबा बिडी पेटवून जवळ आले. मी ओरडलोच, "बाबा, लांब व्हा, हा गॅस पेटतो!"

ते थबकले. "मंजी गोबरगॅसच की."

"तोच."

"मग आमचं काय हो, चाऱ्याला दिलेले पैसे बी ह्यातच जात्यात?"

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. चाऱ्यातल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग मिथेन होऊन उडून जातो, असं पुस्तकात वाचलं होतं. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो, हेही पाठ होतं. मागच्याच महिन्यात हॉटेलात झालेल्या प्रशिक्षणात हेच आकडे पडद्यावर दाखवले, आणि दुपारी निम्मी निम्मी भरलेली ताटं खरकट्यात गेली. खनिज मिश्रण मात्र आमच्या दवाखान्यात मार्चपासून नव्हतं.

म्हाताऱ्यांच्या गोठ्यात पाच जनावरं. दुधाला दोन, एक भाकड, एक तीनदा उलटलेली, म्हणजे भरवूनही गाभ न राहिलेली, एक कालवड. चारा म्हणजे मुख्यतः उसाचं वाढं. ढेकरा पाचांच्या, दूध दोघींचं. उलटणारीचा इलाज झाला, वाढ्याबरोबर मुरघास, पेंड आणि खनिजं पोटात गेली, तर दुधाच्या लिटरमागे मिथेन कमी होतो आणि बादलीही भरते. भाकड गाय विकायला गिऱ्हाईक नाही, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हात धुताना गोबरगॅसची टाकी दिसली. लोखंडी घुमट गंजलेला, त्यावर कोंबड्या बसलेल्या. सिलिंडर आल्यावर बंद पडलेली. तो भात, त्या पोळ्या शेणाबरोबर तिच्यात गेल्या असत्या तर आठ दिवस चूल पेटली असती. बांधावर ढिगात कुजले की त्याचाही मिथेनच होतो, फक्त कुणाच्या कामाला येत नाही.

कोय वर सरकेना. शेवटी पॅराफिन पाजून, तोंडातून घातलेल्या नळीने हळूहळू खाली ढकलली. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, गाय रवंथ करतेय, दूध मात्र निम्म्यावर. "कोय कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

कोठीपोटात आहे अजून.