हातातला घास

आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला एक नियम आहे. ब्रिटिश काही लावायचं नाही. लेकीने तो मांडला, सासूबाईंनी उचलून धरला आणि नवऱ्याने नेहमीप्रमाणे बहुमत कुठे आहे ते बघून हात वर केला. विरोधात मी एकटी. त्यामुळे साडेआठला ताटं वाढली की टीव्हीवर अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन गाव येतं, तिथली डंडर मिफ्लिन ही कागद विकणारी कंपनी येते आणि मायकेल स्कॉट नावाचा तिचा ब्रँच मॅनेजर काहीतरी घोळ घालून ठेवतो. 'द ऑफिस'चे २०१ भाग आहेत. लेकीचे ते सगळे बघून झालेत, परत एकदा बघून झालेत, आणि आता ती ते बघतही नाही, नुसते लोणच्यासारखे तोंडी लावते.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांचं काही अडत नाही. रिसेप्शनवरची पॅम आणि तो उंच जिम यांचं प्रकरण त्यांनी तिसऱ्या दिवशीच पकडलं. "तिचं ठरलेलं आहे ना गं दुसऱ्याशी? मग हा का घुटमळतोय?" पुढे सहाव्या सीझनमध्ये नायगाऱ्याला त्या दोघांचं लग्न लागलं, त्या रात्री आमच्याकडे शिरा झाला. सासूबाई म्हणतात योगायोग.

नियम झाला तो एका बुधवारी. मी म्हटलं, तुम्ही ही नक्कल बघताय, मूळ माल बघा. मूळ 'ऑफिस' ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी लिहिलेलं, २००१ साली बीबीसीवर आलेलं. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ म्हणून गाव आहे, तिथली वर्नहॅम हॉग ही कागद कंपनी, आणि तिचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट. सगळे मिळून १२ भाग आणि २००३च्या नाताळात दाखवलेला दोन भागांचा शेवट. संपलं. मी उत्साहाच्या भरात नेमका तो भाग लावला ज्यात देणग्या गोळा करायला ऑफिसातले सगळे चित्रविचित्र सोंगं घेऊन येतात. ब्रेंटचा नवा साहेब एका सहकारी मुलीबरोबर झकास नाचून दाखवतो. टाळ्या पडतात. त्या टाळ्या ब्रेंटला सहन होत नाहीत. मग तो नाचतो. संगीताशिवाय, तोंडानेच ठेका धरत, हात एका गावाला आणि पाय दुसऱ्या गावाला निघाल्यासारखे. कॅमेरा हलत नाही. कुणी हसत नाही. आणि त्याच भागात, शहामृगावर स्वार झाल्यासारखा तो फुगीर पोशाख अंगावर असताना, त्याला सांगितलं जातं की तुझी नोकरी गेली.

त्या दिवशी तोंडलीची भाजी होती. मला आठवतं, कारण ती तशीच उरली. लेकीने सोफ्यावरची उशी तोंडावर धरली होती. नवरा पाणी आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. "अगं, ह्याला कुणी सांगत का नाही, बस खाली म्हणून?"

मी नंतर बरेच दिवस त्या प्रश्नाचा विचार करत होते. आपल्याकडे कुणाचा पोपट झाला की तो ओशाळतो, आपण हसतो, फिट्टंफाट होते. ब्रेंटला मात्र आपला पोपट झालाय हे कळतच नाही. त्यामुळे त्याच्या वाटणीची लाज समोर बसलेल्यांना वाटून घ्यावी लागते, आणि ती जेवताना वाटून घेणं अवघड आहे हे मला मान्य आहे.

अमेरिकनांनाही ते अवघड गेलं. २००५ साली त्यांनी पहिला भाग जवळजवळ शब्दाला शब्द उचलून केला. पहिल्या सीझनचे सहाच भाग आणि मायकेल स्कॉट हा ब्रेंटइतकाच असह्य. दुसऱ्या सीझनपासून त्याला माणसाळवायला सुरुवात झाली. केस नीट बसवले, हे तर सरळ दिसतंच. पण खरी युक्ती एका भागात आहे. मायकेल एका मोठ्या ग्राहकाला साध्याशा रेस्टॉरंटात नेतो आणि कामाचं सोडून नुसत्या गप्पा मारत, विनोद करत बसतो. बरोबर आलेली त्याची वरिष्ठ जॅन कपाळाला हात लावते. आणि रात्र संपता संपता मायकेल ते काम मिळवतो! म्हणजे माणूस कितीही बावळट असला तरी त्याला विकता येतं. एवढं एक कळलं की आपण त्याला घरात घ्यायला मोकळे. पुढे सातव्या सीझनमध्ये त्याला हॉली मिळते, तो तिच्याबरोबर कोलोरॅडोला जातो, आणि माझी लेक दर वेळी त्या विमानतळावरच्या प्रसंगाला नाक ओढते.

याला स्वभावाचा फरक म्हणतात. अमेरिकन आशावादी, इंग्रज कुजकट, वगैरे. मला त्यामागे हिशेबाची वही जास्त दिसते. अमेरिकन वाहिन्या जाहिरातींवर जगणाऱ्या. अर्ध्या तासातली बावीसेक मिनिटं मालिकेला, बाकी साबण आणि गाड्यांना. वर्षाला वीस-बावीस भाग हवेत, म्हणून लेखकांची अख्खी खोली भरलेली. शंभरेक भाग झाले की ते गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना रोज संध्याकाळी पुन्हा दाखवायला विकता येतात आणि खरा पैसा तिथे. आता जो माणूस रोज संध्याकाळी तुमच्या घरी यायचा आहे, तो रोज लाज आणणारा असून कसं चालेल? बीबीसीचं पोट तिथल्या घरोघरच्या टीव्ही लायसन्स फीवर भरतं. मध्ये जाहिरात नाही, लिहायला एक-दोन माणसं, सहा भाग करा आणि सुटा. सहाच वेळा यायचं म्हटल्यावर पाहुणा कसाही वागला तरी चालतो.

याचं सगळ्यात वेडं उदाहरण म्हणजे बीबीसीचीच 'फॉल्टी टॉवर्स' ही मालिका. पहिले सहा भाग १९७५ साली, पुढचे सहा १९७९ साली. बास. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ पहिल्या सहा भागांच्या वेळी नवरा-बायको होते, दुसऱ्या सहापर्यंत त्यांचा घटस्फोट झाला होता, तरी एका भांडकुदळ जोडप्याचं हॉटेल ती दोघं मिळून लिहीत राहिली. (हे मी नवऱ्याला दर काही महिन्यांनी सांगते. तो 'हं' म्हणतो.) टॉर्कीच्या समुद्राजवळचं हे हॉटेल चालवणारा बॅझिल फॉल्टी उमरावांसाठी जन्मलाय आणि त्याच्या नशिबी गिऱ्हाइकं आलीत. घाईच्या वेळी त्याची गाडी बंद पडते, तो तिला दम भरतो, तीन आकडे मोजतो, आणि तरी ऐकत नाही म्हटल्यावर कुठून तरी झाडाची फांदी आणून तिला झोडपतो. यावर अमेरिकेत १९८३ साली 'अमांडाज' नावाची मालिका निघाली. हॉटेल ठेवलं, समुद्र ठेवला, मालकीण म्हणून बिया आर्थरसारखी तगडी नटी घेतली, फक्त बॅझिल काढून टाकला. भरीत केलं, वांगं वगळून. ती लवकरच बंद पडली.

इथे कुणीतरी पुणेरी पाट्या काढणार, म्हणून आधीच सांगते की तुलना जमत नाही. पाटी लिहिणारा जिंकलेला असतो. दुपारी एक ते चार दार बंद ठेवून तो आत सुखाने झोपलेला असतो. बॅझिलला झोप नाही.

त्याहून मला जवळचा वाटतो तो लंडनमधल्या पेकहॅमचा डेल. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' १९८१ साली सुरू झालं. फूटपाथवर काहीबाही विकणारा, पिवळी तीनचाकी गाडी हाकणारा हा माणूस धाकट्या भावाला सारखा सांगतो, पुढच्या वर्षी याच वेळेला आपण मिलियनेर. डोंबिवलीत अशी वाक्यं मी चाळीच्या जिन्यात लहानपणापासून ऐकली आहेत. १९९६च्या नाताळात अडगळीतल्या एका जुन्या घड्याळापायी दोघे भाऊ खरोखर मिलियनेर झाले. तो भाग ब्रिटनमध्ये २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. अमेरिकेत असतं तर तिथे पडदा पडला असता, आणि खरं म्हणजे इथेही तोच शेवट म्हणून लिहिलेला होता. पण २००१ साली मालिका परत आली, आणि आल्या आल्या काय केलं, तर त्यांचे सगळे पैसे बुडवले. अमेरिकेत वर चढू पाहणं हा गुण आहे, इंग्लंडमध्ये तो विनोदाचा विषय आहे. मला त्या पैसे बुडवण्याचा राग आला आणि हायसंही वाटलं. श्रीमंत डेलचं करायचं काय?

लेक म्हणते, तुझ्या सिद्धान्ताला भोकं आहेत. 'साइनफेल्ड' अमेरिकन, आणि त्यातले चौघेही शेवटी तुरुंगात. खरं आहे. आणि 'डॅड्स आर्मी'तल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या म्हाताऱ्या होमगार्डांइतकं प्रेमळ तर काही नसेल, ते पक्के ब्रिटिश. मी तिला म्हटलं, भोकं असू देत, चाळणीलाही असतात.

हसण्याचं मात्र मला अजून सांगायचंय. अमेरिकन मालिकांत मागून हसू यायचं, मुद्रित केलेलं, कुठे हसायचं ते कळावं म्हणून. कोरियातल्या युद्धावरच्या 'मॅश'मध्येही ते घातलं होतं. बीबीसीने ती मालिका दाखवताना ते हसू काढून टाकलं, आणि तीच वाक्यं एकदम गार पडली, म्हणजे चांगल्या अर्थाने. दोन्ही 'ऑफिस'मध्येही मागचं हसू नाही. त्याची गरज नाही, कारण ऑफिसात ते आधीच असतं. माझ्या आधीच्या नोकरीत एक साहेब होते. वाढदिवसाचा केक कापताना विनोद सांगायचे. त्यांचा विनोद आणि आमचं हसू यांत साधारण एका सेकंदाचं अंतर असायचं. तो सेकंद ब्रिटिश. त्यानंतरचं हसू अमेरिकन.

साहेब निवृत्त झाले. चार-सहा महिन्यांनी एकदा सहज म्हणून आले, पेढे घेऊन. माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी एक विनोद सांगितला, जुनाच. सेकंद गेला. मग आणखी एक गेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, सगळे कामात होते, मीसुद्धा. पेढ्याचा बॉक्स उघडा ठेवून ते "चला, निघतो" म्हणाले. ब्रिटिश 'ऑफिस'च्या त्या नाताळच्या भागात नोकरी गेलेला ब्रेंट असाच जुन्या ऑफिसात येत राहतो, एकदा कुत्रा घेऊन येतो, आणि शेवटी नवा साहेब त्याला येऊ नका म्हणून सांगतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूप हसले होते. पेढ्यांनंतर पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात पाहिलं. म्हणजे ते नाही, त्याच्या आधीचा भाग, दुसऱ्या सीझनचा शेवटचा. सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून लावला. ब्रेंट दोघा वरिष्ठांसमोर उभा आहे आणि इतका वेळ न कळलेलं सगळं त्याला एकदम कळलंय. मला काढू नका, म्हणतोय. आवाज फुटलाय. विनोद नाहीच.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. भांडं हातात धरून सोफ्यामागे कधी उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. मी रिमोट शोधायला लागले, नियम मोडल्यासारखं वाटून. त्यांनी हातानेच राहू दे म्हणून खुणावलं.

"हा तोच ना गं, नाचणारा?"

"हो."

बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलाय का हा?"