चपलांपासून सुरुवात: मुलं, घरकाम आणि पवित्र शास्त्र

मुलांना घरातली कामं लावताना आम्ही सुरुवात दारातल्या चपलांपासून केली. चार वर्षांच्या मुलाला ते झेपतं, काही फुटत नाही, सांडत नाही आणि दोन मिनिटांत उरकतं. त्यामागचा शास्त्रभाग, म्हणजे बायबलातला उतारा, योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला: येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपल्या मराठी बायबलात तिथे ‘कित्ता’ असा शब्द आहे, मी तुम्हाला कित्ता घालून दिला आहे. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाला तो चटकन समजतो. म्हणून अट एकच: सगळ्यांच्या चपला लावायच्या, फक्त स्वतःच्या नाही. सोमवार ते बुधवार आपण लावायच्या, त्याने बघायचं. गुरुवार ते शनिवार दोघांनी मिळून. रविवारी सुट्टी. पुढच्या सोमवारपासून काम त्याचं.

गोष्ट मात्र काम अंगवळणी पडल्यावरच सांगायची, साधारण आठवड्याने. आधी सांगितली की मुलं गोष्टच मागत बसतात. शिवाय वचन म्हणजे कामाला जुंपायची हाळी, असं त्यांच्या डोक्यात बसतं. केलेल्या कामाची गोष्ट ऐकताना मूल स्वतःला तिच्यात बघतं.

दुसरं काम केर काढणं. लूक १५ मधल्या बाईचं दहा नाण्यांपैकी एक हरवलं, तेव्हा तिने दिवा लावला आणि घर झाडून काढलं. आम्ही बाटल्यांची दहा मोठी झाकणं खाटेखाली, दारामागे, कोपऱ्यात ठेवायचो. खरी नाणी नकोत, लहान मूल तोंडात घालतं. दहाही सापडली की केर निघालाच. मोठा फुलझाडू मुलाच्या उंचीला जड जातो, आखूड कुंचा द्यावा. मुलं कचरा गोळा करण्याऐवजी खोलीभर पसरवतात, कारण तो कुठे न्यायचा हे त्यांना दिसत नाही. फरशीवर खडूने दोन फुटांचा चौकोन आखून दिला की कुंचा बरोबर तिकडे वळतो. आणि पंखा बंद! निम्मी रडारड त्या पंख्यापायी होते.

पाणी भरायला काना गावचं लग्न, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. सेवकांनी सहा रांजण काठोकाठ भरले, हे वाक्य मुलं फारच मनावर घेतात आणि स्वयंपाकघरात तळं होतं. त्यामुळे बाटलीच्या गळ्याखाली रंगीत दोरा बांधून ठेवला. दोऱ्यापर्यंत आलं की आपल्याकडचं काठोकाठ. बाटली अर्ध्या लिटरची, कारण लिटरची भरलेली बाटली चार-पाच वर्षांच्या हातातून निसटते.

खेळणी आवरण्याला मान्ना, म्हणजे रानात देवाने आकाशातून दिलेलं अन्न. इस्राएली लोक तो रोजचा रोज गोळा करत, सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडत, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. आमच्याकडे तो सहावा दिवस शनिवार: खेळणी, दप्तर, रविवारचे कपडे आणि मोजे असं दुप्पट आवरायचं. या एका गोष्टीने रविवारी उपासनेला निघतानाची आरडाओरड सर्वांत कमी झाली.

मूल ‘नाही’ म्हणतं तेव्हा काय? मत्तय २१ मधल्या दोन मुलांपैकी एक ‘जाणार नाही’ म्हणाला आणि नंतर मळ्यात गेला, दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा पहिल्याने पाळली. म्हणून तोंडच्या नकाराशी वाद घालायचा नाही. दहा मिनिटं थांबायचं, काम झालं तर ते पुरं धरायचं. ‘हो हो’ म्हणणाऱ्याकडेच लक्ष ठेवावं लागतं.

सहा-सात वर्षांचं मूल उलट शास्त्र टाकतं. लूक १० मधली मार्था राबत होती, पण तिची बहीण मरीया येशूचं ऐकत नुसती बसली तरी त्याने तिचीच बाजू घेतली! प्रश्न रास्त आहे, दटावू नये. येशूने मार्थेची दगदग थांबवली, काम करणं वाईट म्हटलं नाही. आमचा तोडगा: घरच्या प्रार्थनेच्या वेळी कोणीच काम करायचं नाही, आईसुद्धा नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. एक, ‘असं केलंस तर येशूला वाईट वाटेल.’ त्याने काम होतं खरं, पण भीतीने, आणि सांडलेलं दूध मूल लपवायला लागतं. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातलं ‘काम नाही तर खाणं नाही’ हेही मुलांना ऐकवू नये, ते हातपाय धड असून फुकट खाणाऱ्या मोठ्यांना लिहिलं आहे. दुसरी, मुलाने लावलेलं त्याच्यादेखत पुन्हा नीट करणं. एकदा पाहिलं की दुसऱ्या दिवशी ते हात लावत नाही. पौल बापांना मुलांना चिरडीस आणू नका म्हणतो, त्यात मी हेही धरते.

कामाचे पैसे देत नाही, दानार्पणाची नाणी वेगळी देतो. रात्रीच्या प्रार्थनेत प्रत्येकाने दुसऱ्याच्या एका कामाबद्दल आभार मानायचे, स्वतःच्या नाही. दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यांत टिकलेलं काम मूठभर तांदळाचं. मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. आमच्याकडे ती मूठ मुलाची. पाच वर्षांच्या मुठीत साधारण २० ग्रॅम मावतात, दोन वेळचे धरून महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. डबा पारदर्शक हवा, वाढ दिसली पाहिजे. मूठ धुवायच्या आधी काढायची आणि हात कोरडा हवा, नाहीतर डब्याला वास येतो. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि महिनाअखेर डबा चर्चमध्ये पोचवावा. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांनीच, नाहीतर सोंडे होतात आणि मूल आठवण करून देतं, मान्नातही किडे पडले होते.