ड्रिल, गिरमिट आणि मेडिसिन लेकचा बर्फ

डिसेंबर लागला की माझं कॉर्डलेस ड्रिल गॅरेजमधून गाडीत येतं आणि मार्चपर्यंत तिथेच राहतं. मिनेसोटात येऊन नऊ वर्षं झाली, त्यातले पहिले पाच हिवाळे मी खिडकीतून बाहेर बघत काढले. मी मालवणकडचा, लहानपणी बाबांबरोबर खाडीवर गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे पकडायला जायचो, तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) हातात धरून तासन् तास बसायचो, आणि इथे घराच्या एवढ्या जवळ आख्खं तळं असून वर्षातले चार महिने त्याच्यावर झाकण! मग ऑफिसमधल्या एका मित्राने एका रविवारी मेडिसिन लेकवर नेलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

ज्यांनी हा बर्फातल्या मासेमारीचा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बर्फाला भोक पाडायचं, त्यातून तंगूस खाली सोडायचा आणि बसायचं. भोक पाडायच्या हत्याराला इथे ऑगर म्हणतात, म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिटच, फक्त कमरेच्या वर येईल एवढं उंच आणि खाली दोन पाती. मित्राकडे पेट्रोलवर चालणारं होतं, जवळजवळ 30 पौंडांचं, म्हणजे 13-14 किलो, दोरी ओढून ओढून सुरू करायचं, थंडीत कार्बुरेटर रुसला की अर्धा तास गेला, आणि बर्फावर आडोशाला लावतात त्या तंबूत चालवायची सोय नाही कारण धूर, कार्बन मोनॉक्साइड. हाताने फिरवायचंही मिळतं आणि पातळ बर्फात ते छान चालतं, पण जानेवारीत बर्फ दीड फुटाला पोचला की तीन भोकांत माणूस घामाघूम. आणि उणे 15 मध्ये घाम ही वाईट गोष्ट आहे, आतले कपडे ओले झाले की दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

मग कळलं की लोक ऑगरचं नुसतं खालचं गिरमिट विकत घेतात आणि वरती घरातलंच ड्रिल लावतात. के-ड्रिल आहे, एस्किमोचं पिस्टल बिट आहे, स्ट्राइकमास्टरचं लाइट-फ्लाइट आहे, अजून बरीच आहेत. माझं 6 इंची, ड्रिल आणि बॅटरीसकट सगळं मिळून साडेचार किलोच्या आसपास. एका हातात हे, दुसऱ्या हातात बादली, चला.

6 इंची का तर भूमितीच तशी आहे. कापायचा बर्फ व्यासाच्या वर्गाने वाढतो, 6 चा वर्ग 36, 8 चा 64, म्हणजे नुसते दोन इंच वाढवले तर पाऊणपट जास्त बर्फ कापावा लागतो आणि तो सगळा भार बॅटरीवर आणि तुमच्या मनगटावर. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च हे तळहाताएवढे मासे 6 इंचातून आरामात वर येतात. मोठ्या नॉर्दर्न पाइकच्या मागे असाल तर 8 घ्या.

ड्रिल कुठलं चालेल हे मला बरेच जण विचारतात. ब्रशलेस मोटरचं हवं, अर्ध्या इंचाचं चक (पुढचा, बिट पकडणारा जबडा) हवं आणि 18 व्होल्ट हवं. (डब्यावर 20 व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असलं तरी तेच ते, आत पाच सेल असतात, फुल चार्जला प्रत्येकी 4 व्होल्ट धरले की 20, आणि चालताना 3.6 धरले की 18.) 12 व्होल्टचं छोटं ड्रिल नको, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं यंत्र) तर नकोच. हॅमर ड्रिल घेतलंत तर उत्तम कारण त्याला टॉर्क (फिरवायचा जोर) बहुधा जास्त असतो आणि साइड हँडल असतं, पण हॅमरचा मोड बंद ठेवायचा, आणि गिअर कायम 1 वर, म्हणजे वेग कमी, जोर जास्त.

हे गिअरचं आणि हँडलचं मी मुद्दाम लिहितोय कारण पहिल्या वर्षी मी दोन्ही केलं नव्हतं. गिअर 2 वर होता, साइड हँडल घरी डब्यात. पहिली दोन भोकं लोण्यासारखी गेली. तिसऱ्याला बर्फाचा शेवटचा इंच राहिला असताना पातं खालच्या कडेला अडकलं, गिरमिट जागच्या जागी थांबलं आणि ड्रिल माझ्या हातात फिरलं. मनगट तीन आठवडे सुजलेलं होतं, कीबोर्डवर टाइप करायला यायचं नाही. नंतर बसून हिशोब केला. चांगल्या ड्रिलचा टॉर्क 1200 इंच-पाउंड असतो, म्हणजे साधारण 135 न्यूटन-मीटर, आणि मूठ मध्यापासून अर्ध्या फुटावर धरली तर अडकल्याक्षणी हातावर जवळजवळ 90 किलोचा झटका येऊ शकतो. कोणाच्या मनगटात तेवढी ताकद आहे? त्यामुळे साइड हँडल लावल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नका, प्लीज. आता मी ड्रिल प्लेट वापरतो, क्लॅम कंपनीची मिळते, इथलीच मिनेसोटाची कंपनी. ड्रिल त्या प्लेटवर पट्ट्याने बांधायचं आणि दोन्ही बाजूच्या दांड्या दोन हातांनी धरायच्या. प्लेटचा दुसरा फायदा म्हणजे चक ढिलं होऊन गिरमिट सुटलं तरी ते भोकातून तळाशी जात नाही. प्लेट नसेल तर भोकापेक्षा मोठी एक चकती मिळते, ती तरी लावा.

बॅटरी. थंडीत लिथियम बॅटरीचा आतला रोध वाढतो, करंट द्यायला ती कां-कूं करते आणि भरलेली असूनही ड्रिल मध्येच मान टाकतं. मी दोन बॅटऱ्या नेतो, 5 अँपिअर-अवरच्या, एक ड्रिलमध्ये आणि एक जॅकेटच्या आत छातीशी, आणि आलटून पालटून वापरतो. दीड फुटी बर्फात एका बॅटरीवर माझी वीसेक भोकं होतात, उणे 20 असेल तर त्याहून कमी. आणि घरी आलो की लगेच चार्जरला लावायची नाही! शून्याखाली असलेली बॅटरी चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. आधी रूमच्या तापमानाला येऊ द्या, मी रात्री जेवण झाल्यावर लावतो.

पण खरा फरक काय पडला सांगू? पेट्रोलवाल्याने आम्ही तीन-चार भोकं पाडून दिवसभर तिथेच बसायचो, कारण परत ते धूड उचलायचं जिवावर यायचं. आता मासा नाही लागला की वीस पावलं पुढे, अजून एक भोक, दहा-बारा सेकंदांचं काम. संध्याकाळी क्रॅपी तळ सोडून मधल्या पाण्यात तरंगत असतात, त्यांना शोधत फिरावंच लागतं. भोकातला किस काढायला झारा लागतो, इथे त्याला स्किमर म्हणतात पण मी घरचा भज्यांचाच झारा नेतो, गोळेवाल्याच्या किसासारखा ढीग होतो बाजूला.

आणि फिरता फिरता बर्फाची जाडीही कळत राहते. इथल्या डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) सल्ला आहे, नवीन स्वच्छ बर्फ चालायला किमान 4 इंच, आणि पांढरा दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. मोसमाच्या सुरुवातीला मी आधी पहारीने ठोकत ठोकत जातो, मग दर थोड्या अंतरावर भोक पाडून टेपने मोजतो, कारण पंधरा पावलांवर 6 चे 3 इंच झालेले मी स्वतः बघितलेत. त्या दिवशी तिथूनच मागे फिरलो.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बारशाला आई-बाबा आले, जानेवारीत. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा थर्मल घातले, त्यांच्यासाठी लायसन्स काढलं आणि मेडिसिन लेकवर घेऊन गेलो. काठावर ते बराच वेळ थांबले, बर्फावर पाय ठेवेनात. मी थोडं पुढे जाऊन एक भोक पाडलं, टेप टाकून चौदा इंच दाखवले, मग आले, माझा दंड धरून. पुढचं भोक त्यांनी पाडलं. प्लेटच्या दोन्ही दांड्या घट्ट धरलेल्या, ट्रिगर मी दाबलेला, पांढरा किस बाजूने वर येतोय आणि मग एकदम गिरमिट मोकळं झालं आणि काळं पाणी भसकन वर आलं. बाबांनी हातमोजा काढला, खाली वाकले, बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडा आसा रे पाणी," म्हणाले, आणि हात पुढे केला, गरी मागायला.