तुम्ही विचारलंत म्हणून, माझ्या भांगाविषयी

"केसांना काय झालं गं? काही करत का नाहीस?" हळदीकुंकवाला, ऑफिसात डबा खाताना, मुलुंडच्या स्लो लोकलमध्ये, गेली दहा वर्षं मला हेच विचारलं जातंय. मागच्या महिन्यात लेडीज डब्यात एका अनोळखी बाईंनी उठून मला जागा दिली आणि कानाशी येऊन विचारलं, "केमो चालू आहे का?" त्यांच्या डोळ्यांत खरी माया होती. मी नाही म्हटलं, तरी त्या उभ्याच राहिल्या. म्हणून आता एकदाच सगळं सांगते.

पाण्याने झालेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतल्या बायका त्याच टाकीच्या पाण्याने न्हातात. टेन्शनने किंवा मोठ्या तापाने केस जातात, पण ते दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात आणि बहुतेकदा परत येतात. डेंग्यूनंतर माझ्या नणंदेचं तसंच झालं. माझे केस नुसते गळले नाहीत, बारीक होत गेले. डोक्यावरचा केस काही वर्षं वाढतो, गळतो, त्याच मुळातून नवा येतो. माझ्या माथ्यावर ही वाढीची मुदत दर फेरीला आखूड होत गेली आणि नवा केस आधीपेक्षा बारीक येत गेला. शेवटी नुसती लव. कपाळावरची रेघ तशीच राहते, भांग रुंदावतो. लुडविग नावाच्या डॉक्टरने 1977 मध्ये बायकांच्या या केसगळतीच्या तीन पायऱ्या मांडल्या. मी दुसरीवर आहे.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून तयार होणारं डीएचटी नावाचं हार्मोन केस बारीक करण्याचं हे काम करतं. पण हार्मोन एकटं काही करत नाही. 1942 मध्ये हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने दाखवलं की वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचेच केस जातात. बायकांचं गणित इतकं सरळ नाही. माझ्यासारख्या अनेकींचे हार्मोन तपासणीत नॉर्मल येतात. माझं थायरॉइडही ठीक होतं, लोहाचा साठा तेवढा कमी निघाला. गोळ्यांनी जिना चढतानाची धाप गेली. भांग होता तेवढाच राहिला.

आणि "काही करत का नाहीस"? केलं. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं. मुळात हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा डोक्याला लावायचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला 1988 मध्ये मंजुरी मिळाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: सुरुवातीचे काही आठवडे जास्त गळतील, घाबरू नका, चार-सहा महिने थांबा, आणि लावणं सोडलंत तर मिळवलेलं जाईल. सहाव्या आठवड्यात मोरीची जाळी केसांनी तुंबली आणि मी बाटली कचऱ्यात टाकली. आजही त्या बाईवर चिडते मी. सांगितलं होतं ना तुला? मग तिच्या हातातला तो ओला गुंता आठवतो. तिने कुणाला विचारायचं होतं? पण नाही, चूकच होती ती. दोन वर्षं हातची गेली.

त्या दोन वर्षांत एका क्लिनिकमध्ये 54 हजारांचं पॅकेज घेतलं. आपलंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचायचा. काहींना त्याचा उपयोग होतो, मी ते नाकारत नाही. पण तिथे कुणी माझं डोकं भिंगाखाली पाहिलं नाही, आधीचे रिपोर्ट मागितले नाहीत, कार्ड मात्र लगेच घेतलं. ट्रान्सप्लांट सुचवणाऱ्यांनाही सांगते: मागचे दाट केस काढून पुढे लावतात, आणि माझे मागचेही विरळ आहेत.

आईचं म्हणणं मात्र एकच असायचं, "तेल लावत नाहीस, म्हणून गेले. आमच्याकडे सगळ्यांचे कमरेपर्यंत." लालबागच्या आमच्या चाळीत तिच्या अंबाड्याचं नाव होतं. सणाला तिचा गजरा बघायला बायका थांबायच्या. तिशीपासून मी तिच्यापुढे अपराध्यासारखी वावरले.

2019 च्या जुलैमध्ये ती बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आली. बांगड्या, मंगळसूत्र, कवळी, एकेक काढून आई माझ्या हातातल्या पिशवीत टाकत गेली. मग सिस्टर म्हणाली, "आजी, अंबाडा सोडा, टोपी घालायची आहे." आई मला म्हणाली, "तू बाहेर जा."

"आई, मीच आहे."

"म्हणूनच म्हणते. बाहेर जा."

मी गेले नाही. जायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. तिने एकेक आकडा काढला आणि अंबाडा सुटला नाही, तो हातातच आला. गंगावन. जाडजूड, काळंभोर. खाली तिचं डोकं होतं आणि मधोमध दोन बोटं रुंद भांग. अगदी माझा. तिने माझ्याकडे न बघता ते गंगावन पिशवीत टाकलं. ते अजून गरम होतं.

थिएटरबाहेरच्या बाकावर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. इतका राग आईचा मला कधीच आला नव्हता. तिला माहीत होतं. तिशीत एकदा म्हणाली असती, "अगं, माझेही गेले," तर मी तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते. हे औषध गेलेलं सगळं परत आणत नाही, उरलेलं राखतं, म्हणून लवकर सुरू करण्याला महत्त्व. आणि तिथेच बसल्या बसल्या आठवलं, आई न्हाताना आम्ही कधीच पाहिली नाही. चाळीत पहाटे चारला पाणी यायचं, तेव्हाच ती न्हायची. मला वाटायचं, पाण्यासाठी उठते.

शुद्धीवर आल्यावर तिने गंगावन मागितलं. मी विंचरून दिलं. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही.

त्याच पावसाळ्यात मी मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू केलं. या वेळी गळती सोसली. भांग अरुंद झालेला नाही, रुंदही होत नाही, निदान फोटोंत तरी. कधी कंटाळा येतो, आयुष्यभर हेच करायचं का असं वाटतं, दोन रात्री चुकतात.

आई आता माझ्याकडेच असते. रविवारी तेलाची वाटी कोमट करून हाक मारते. तेलाने केसाचं मूळ जाड होत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कधी जाऊन बसते, कधी "आज नको" म्हणते. परवा माझ्या भांगावरून बोट फिरवत ती म्हणाली, "रोज लावत जा गं, चुकवू नकोस."

"काय, तेल?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. बोट फिरवत राहिली.