तुळस बाहेर कधी ठेवायची?

मार्च उजाडला, की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या आसपास राहणारी मराठी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं, अंगणातला बर्फ कडेकडेनं खचत असतो आणि सप्टेंबरपासून खिडकीशी बसलेली तुळस पार मलूल झालेली असते. लांबच लांब काड्या, शेंड्याला चार पानं, मातीवर घोंघावणारी चिलटं. तिच्याकडे बघवत नाही, म्हणून मग विचारणा होते: "आता हिला बाहेर ठेवू का?"

नको. अजून अडीच महिने तरी नको. गेल्या तीन रात्री पारा 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली गेला नसेल आणि पुढच्या सात रात्रींचा अंदाजही तसाच असेल, तेव्हा तुळस बाहेर. बहुतेक वर्षी हा योग मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. पण नुसती तारीख पाठ केलीत तर एखाद्या वर्षी नक्की फसाल, म्हणून त्यामागचं कारण नीट सांगते.

पहिली फसगत उन्हाची. मिनियापोलिस 45 अक्षांशावर आहे. 20 एप्रिलला तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 56 अंश वर असतो. पुण्यात डिसेंबरअखेरीला तो 48 अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे एप्रिलमधलं तिथलं ऊन पुण्याच्या डिसेंबरपेक्षा जास्त डोक्यावरचं, बरोबर तिथल्याच 22 ऑगस्टइतकं. डोळ्यांना दिसतो तो ऑगस्ट, आणि हवा मात्र अजून फेब्रुवारीची सुटलेली नसते. ऊन सूर्याच्या हिशेबानं चालतं, तो हिशेब कधी चुकत नाही. हवेचं तसं नाही.

आपल्याकडे उत्तरेला हिमालय आडवा उभा आहे, त्यामुळे सायबेरियाची थंडी थेट नागपूरपर्यंत येत नाही. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी असा आडवा डोंगरच नाही. उत्तर ध्रुवाकडचा वारा कॅनडाची मैदानं ओलांडून सरळ खाली उतरतो आणि मेक्सिकोच्या आखाताची दमट, उबदार हवा तशीच सरळ वर चढते. मार्च ते मे या दोन्ही हवांची सीमा मिनेसोटाच्या डोक्यावरच मागेपुढे होत असते. उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, तो दोनशे मैल उत्तरेला सरकला तर आपल्याकडचा उन्हाळा, दक्षिणेला सरकला तर हिमवादळ. आणि तो एकदा अडकला की आठ-दहा दिवस हलत नाही.

दोन वर्षांची उदाहरणं देते. 2012 साली गुढीपाडवा 23 मार्चला होता. त्याच्या सहा दिवस आधी, 17 मार्चला, मिनियापोलिसचा पारा 80 फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ 27 सेल्सिअसवर पोचला होता. झाडं फसली. मिशिगन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांना महिनाभर आधीच बहर धरला आणि एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या रात्रींनी तो जाळून टाकला. त्या वर्षी तिथल्या सफरचंदाच्या पिकातला दहापैकी नऊ हिस्से माल गेला. सफरचंदाची बंद कळी उणे 8 सेल्सिअससुद्धा सोसते, पण तीच कळी पूर्ण उमलली की उणे 2 पासूनच नुकसान सुरू होतं आणि उणे 4 ला जवळपास सगळा बहर हातचा जातो. त्या एप्रिलमधल्या थंडीत जगावेगळं काही नव्हतं. घात केला तो मार्चमधल्या उबेनं.

2018 साली उलटं झालं. अक्षय्य तृतीया 18 एप्रिलला होती. महाराष्ट्रात त्या मुहूर्तावर आळी करून भोपळ्या-पडवळाची बी टोचतात. मिनियापोलिसमध्ये मात्र 13 ते 15 एप्रिल मोठं हिमवादळ झालं आणि त्या एका महिन्यात 26 इंच बर्फ पडला. पुढे 28 मेला तिथेच 100 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअसची नोंद झाली. हिमवादळ आणि होरपळ यांत जेमतेम सहा आठवडे. मिनियापोलिसजवळच्या मिनेटोंका तलावावरचा बर्फ 2012 साली मार्चमध्ये गेला होता, 2018 साली त्याला मे उजाडला. तिथे गस्तीची बोट तलावाच्या सगळ्या कोपऱ्यांत विनाअडथळा फिरू शकली की मगच बर्फ गेल्याचं धरतात. मला ही पद्धत फार आवडते. काठावरून पाणी मोकळं दिसलं म्हणून कुणी घाई करत नाही.

बर्फ जायला इतका वेळ का लागतो, हेही लक्षात घ्या. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो. उरलेलं ऊन वितळवण्यात खर्च होतं, आणि शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून जमिनीवर बर्फ आहे तोवर हवा म्हणावी तशी तापतच नाही. बर्फ गेल्यावरही खालची माती गोठलेलीच असते. किती खोल? तिथल्या बांधकामाच्या नियमानुसार घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात किमान 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खाली न्यावा लागतो, यावरून अंदाज करा. वरची चार बोटं माती सुटते, खालचा थर दगडासारखा असतो, पाण्याला झिरपायला वाट नसते आणि सगळा चिखल होतो. त्या चिखलात पाय घालू नका, वाफा दाबला जाऊन वर्षभर ढेकळं निघतात.

आता तुळशीला खरा धोका असतो तो मेमधल्या रात्रींचा. मेच्या मध्याला मिनियापोलिसचं रात्रीचं सरासरी किमान तापमान 50 फॅरनहाइटच्या आसपास येतं. इथे बरेच जण म्हणतात, "सरासरी 50 झालं ना, मग ठेवू या." अहो, सरासरी 50 म्हणजे साधारण निम्म्या रात्री त्याहून थंड! तुळस उष्ण देशातली. 10 सेल्सिअसच्या खाली तिची मुळं पाणी घेईनाशी होतात, 4-5 अंशांना पानांवर काळे डाग धरतात आणि शून्याला पेशींतलं पाणी गोठून सगळं झाड एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखं लोंबतं.

शिवाय अंदाजात दिसणारा आकडा तुमच्या कुंडीचा नसतो. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र आकाश आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि जड, थंड हवा खालच्या बाजूला साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर थंडीत वाचता ना? त्या वेळी गावातला पारा शून्याच्या चांगला वर असतो. तलावाकाठच्या सखल जागेत थंड हवा उतरून बसते, म्हणून दहिवर तिथे पडतं. तुमचं मागचं अंगण उताराच्या तळाशी असेल, तर तेच तुमचं वेण्णा तलाव समजा. विमानतळावर 38 फॅरनहाइट असताना अशा अंगणात गवत पांढरं झालेलं असू शकतं. उलट, शहराच्या मध्यभागी, दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीशी दोन-तीन अंश जास्त ऊब मिळते. कुंडीची पहिली जागा तीच.

संध्याकाळी अंदाज बघताना आणखी एक आकडा बघा, दवबिंदूचा (ड्यू पॉइंट), म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं त्याचा. रात्री हवा थंड होत दवबिंदूपर्यंत आली की दव धरायला लागतं, त्यातून थोडी उष्णता सुटते आणि पारा घसरायचा थबकतो. म्हणून दवबिंदू 50 फॅरनहाइटच्या वर असेल तर रात्र सहसा सांभाळली जाते. तो 35 च्या खाली, आकाश स्वच्छ आणि पान हलत नाही, अशी संध्याकाळ असेल तर अंदाज काहीही म्हणो, कुंडी आत घ्या. ढगाळ, वाऱ्याची रात्र त्यामानाने बरी.

झाडांच्या खुणाही उपयोगी पडतात, कारण ती त्या जागेची ऊब महिनाभर मोजत आलेली असतात. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरावा, असा तिकडच्या शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तुळशीसाठी मी लायलॅक या फुलझुडपावर भरवसा ठेवते. त्याचे जांभळे घोस फुलले म्हणजे लगेच नव्हे, ते तपकिरी पडून झडायला लागले की. एकट्या खुणेवर मात्र जाऊ नका. 2012 सारख्या वर्षी झाडंसुद्धा फसतात. लायलॅक आणि रात्रीचे 50, दोन्ही जुळू द्या.

बाहेर काढायची पद्धत सांगते, कारण हवा योग्य असूनही इथेच सगळ्यात जास्त तुळशी जातात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाड वरून एक-तृतीयांश छाटा. प्रत्येक फांदीवर हिरव्या पानांच्या निदान दोन जोड्या राहू द्या, नुसत्या लाकडी खोडावर कापलंत तर फुटवा येईलच असं नाही. मंजिऱ्या सगळ्या खुडा. पानं उलटी करून बघा. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी असते, त्यात लाल कोळी हमखास होतो: पानावर फिकट बारीक ठिपके, फांदीच्या बेचक्यात धुरासारखं जाळं. न्हाणीघरात कोमट पाण्याच्या फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा, दर चार दिवसांनी असं तीनदा. कुंडी बदलायची तर त्यानंतर दोन आठवड्यांनी, 12 इंचाच्या कुंडीत, तीन भाग पॉटिंग मिक्स, एक भाग कंपोस्ट, एक भाग परलाइट. छाटणी, नवी माती आणि बाहेरचं ऊन हे तिन्ही एकाच आठवड्यात करू नका. नळाचं पाणी तेव्हा बर्फासारखं येतं. ते बादलीत भरून रात्रभर घरात राहू द्या आणि मग घाला.

मग काटक करण्याचे दहा दिवस. खिडकीच्या काचेआड वाढलेलं पान पातळ असतं, बाहेरच्या थेट उन्हाची त्याला सवयच नसते. त्याला एकदम उन्हात ठेवलंत तर दोन तासांत पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात. लोक त्याला रोग समजून औषध फवारतात, पण तो उन्हाचा चटका असतो. पहिले दोन दिवस दुपारी एक तास, घराच्या उत्तरेच्या सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला. हवा 60 फॅरनहाइटच्या वर असेल तरच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-तीन तास, त्यातला अर्धा तास सकाळचं कोवळं ऊन. पुढे रोज तासभर ऊन वाढवा. आठव्या दिवशी दुपारचं ऊन चालतं. रात्री बाहेर राहू द्यायची ती दहाव्या दिवसानंतर, तीही 50 चा नियम पाळूनच. मधे थंडीची लाट आली तर मोजणी थांबवा, आणि पुन्हा सुरू करताना दोन पायऱ्या मागे या. वाऱ्याकडे उन्हाइतकंच लक्ष द्या. मेमधला तिथला कोरडा, सुसाट वारा पानांतलं पाणी ओढून घेतो आणि माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं. अशा वेळी आणखी पाणी घातलंत तर मुळं कुजतात.

नवी रोपं करायची असतील तर बी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका. तुळशीच्या बियांना उजेड लागतो, त्या मातीआड पुरू नका, वर भुरभुरून बोटाने हलकेच दाबा. मातीला 21 ते 24 सेल्सिअस ऊब मिळाली तर एक-दोन आठवड्यांत उगवतात. खिडकीच्या गार फळीवर ठेवल्या तर तीन आठवडे काही दिसत नाही आणि मग जी रोपं येतात ती बुडाशी कुजून कोलमडतात. त्यापेक्षा दिवा आणि खाली उबेची चटई, एवढं करा.

इतकं करूनही जूनमध्ये एखादी गार रात्र येतेच. कुंडी मोठी, उचलता येत नसेल तर जुनी चादर जमिनीपर्यंत सोडून झाका, म्हणजे मातीची ऊब आत राहते. दोन अंशांचा फरक पडतो. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात तो याच दोन-चार अंशांसाठी. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका, टेकतं तिथेच पान काळं पडतं. सकाळी ऊन आलं की चादर काढा, नाहीतर आत वाफ धरते.

आणि एखाद्या सकाळी पानं काळी होऊन लोंबलेली दिसली, तर लगेच उपटू नका, लगेच छाटूही नका. कुंडी आत घ्या, उबदार पण उन्हाबाहेरच्या जागी ठेवा, माती बोटभर सुकेपर्यंत पाणी नको. आठवड्यानं बुडाजवळचं खोड नखानं किंचित खरवडा. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर झाड गेलं. हिरवं, ओलसर दिसलं तर तिथून एक इंच वर काप द्या, आणि दोन-तीन आठवडे त्या कापाखालच्या गाठींकडे लक्ष ठेवा. फुटवा तिथून येतो, आधी मोहरीएवढा जांभळट ठिपका दिसतो.